बाकावरची तीन देठं

"उन्नतीच्या बाकाची फुलं मीच करेन," असं फेलिशियाने वाडीत मोगरा खुडता खुडता सुनेला, पौलमीला, तिसऱ्यांदा सांगितलं. मान वर करायची गरज तिला वाटली नाही.

गावात रीत अशी, की पहिल्या कम्युनियनला, म्हणजे पोर चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेतं त्या दिवशी, त्याच्या बाकाची फुलं त्याच्या आईने लावायची. बाकावर नाव नसतं. पोरं रांगेतून येतात, आईचा हात ओळखतात आणि त्या बाकावर जाऊन बसतात. उन्नतीने आठवडाभर पौलमीचं डोकं खाल्लं होतं. "मम्मा, मला कळेल ना गं?" पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे 'फुलं' म्हणताना हवाच जास्त यायची.

"रीत आईची आहे ना, आई?" पौलमी म्हणाली.

"आईचीच. पण फुलातलं कळणाऱ्या आईची. या गास गावात आमच्या चार पिढ्या फुलांत गेल्या, बंगालीणबाई. तुझी ती जपानी काटकी मढ्यापुढे ठेव, पोरीपुढे नको."

जपानी काटकीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, टिंगलीपुरती. इंग्रजांच्या राज्यात पौलमीची पणजी हेमनलिनी कोलकात्यात राहायची. शेजारी एका जपानी व्यापाऱ्याची बायको होती, हानाए. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. हेमनलिनीने तिला तांदळाच्या ओल्या पिठाची आल्पना शिकवली, म्हणजे आपली रांगोळीच, फक्त भिजल्या बोटाने काढायची. हानाएने तिला फुलं लावायला शिकवलं. तीन देठं, तिन्हींची उंची वेगळी, आणि मध्ये मोकळी जागा. तीही फुलासारखीच जपायची. मग जपानशी युद्ध पेटलं. पोलिसांनी हानाएला शत्रू म्हणून छावणीत नेलं, गल्लीने तिच्या दारावर शेण मारलं. फुलं रोवायची तिची काटेरी, जड चकती हेमनलिनीने तांदळाच्या डब्यात लपवली. ती आता पौलमीकडे होती.

रविवारी सकाळी पौलमीने चर्चमधल्या बाकाच्या टोकाला पसरट बशी ठेवली. चकतीवर पेरूची एक वाकडी फांदी, एक उमललेली लिली, एक कळी. मग ती उन्नतीच्या डोक्यावर पांढरी जाळी बसवायला बाहेर गेली.

परत आली तर बशी दिसेना. जरबेरा, ॲस्टर, मोगऱ्याच्या माळा, नुसता ढीग. फेलिशिया पदराला हात पुसत होती.

"मध्ये भोक पडलेलं. बुजवलं."

मागच्या बाकावरून शेजारीण सेलिन हसली. "आत्ता कुठे बाक दिसतो, फेलिशियाबाय. मला वाटलं, सुनेची फुलंच संपली."

पौलमीने एकेक फूल उपसायला सुरुवात केली. भरली ओंजळ तिने सासूपुढे धरली. "आई, ही तुमची."

"माझी?" फेलिशिया वाकली. "मग फांदीपण माझ्याच पेरूची." तिने फांदी अशी उपटली की चकतीचे दोन काटे वाकले आणि उमललेल्या लिलीचं देठ मोडलं. "तुझी विकतची कळी राहू दे तुला."

आपला सगळा ढीग तिने पुढच्या मोकळ्या बाकावर रचला आणि तिथेच बसली.

घंटा झाली. पौलमीने कळी तिरपी रोवली. सगळे बाक फुलांनी वाकलेले, आणि त्यांत ही बोटाएवढी कळी. लांबून पोरीला बशी रिकामीच दिसणार, हे तिला कळत होतं.

उन्नती रांगेत चौथी होती. पुढच्या बाकापाशी ती थांबली. आजीने शेजारची जागा थोपटली. "ये बाय, ये." उन्नतीने ढिगाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग मेणबत्ती सांभाळत एक पाऊल मागे घेतलं आणि आईच्या बाकात शिरली.

"कसं कळलं तुला?" पौलमीने हळूच विचारलं.

"तू कधीच खूप नाही लावत." जाळी नीट करत तिने पुढे बघितलं. आजीची पाठ ताठ होती. "आजी रागावली?"

"हो."

"माझ्यावर?"

"माझ्यावर. तू फादरकडे बघ."