या चुलीला कोणी हात लावायचा नाही

दादाचा उजवा हात चार नंबरच्या प्रेसखाली गेला तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि मी वरच्या मजल्यावर चहा ढवळत बसलो होतो. किंकाळी आली. कारखान्यात दिवसभर शंभर आवाज असतात, पण भावाचा आवाज भावाला कळतो. जिना मी उतरलो नाही, त्यावरून कोसळलो.

खाली आक्का, प्रेसवरची दादाची जोडीदारीण, डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या मनगटावर करकचून आवळत होती. मनगटापुढे काही उरलं नव्हतं. जे होतं ते पत्र्याला चिकटलं होतं. "अरे, मी हात काढतच होतो रे," दादा मला म्हणाला, लहान पोराने तक्रार करावी तसा. "लाल दिवाही लागला होता. तरी आली खाली."

आई-बाप गेल्यावर ह्याच हाताने मला वाढवलं आणि ह्याच हाताने बडवलं. नापास झालो की एक, खोटं बोललो की दोन. डाव्या हाताने दादा कधीच मारायचा नाही. डाव्याचा लागत नाही, म्हणायचा.

त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वहिनी परस्पर तिकडे निघाली. मी गेलो नाही. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "ज्याच्यामुळे हे झालं त्याचा हात मोडतो की नाही बघा! नाही मोडला तर बापाचं नाव लावणार नाही!"

आणि तो कोण, हे मला ठाऊक होतं. मास्तर.

मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर. पन्नाशीचा, हळू बोलणारा, सारखा शिकवत सुटणारा. प्रेस मशीनचे प्रोग्राम मी लिहितो आणि त्या सगळ्यांना लागणारी सामाईक लायब्ररी तो सांभाळतो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. वेळ मोजायची, सिग्नल ऐकायचे, थांबायचं, ही रोजची कामं प्रत्येक प्रोग्रामात पुन्हा कोण लिहीत बसणार? म्हणून ती एकदाच लिहून ठेवलेली असतात. मशीनवर एकच फाइल, आणि प्रोग्राम सुरू झाला की तो तिच्याशी जोडला जातो. एकत्र कुटुंबातलं स्वयंपाकघर समजा. चूल एक, जेवणारे सगळे.

त्या चुलीत मागच्या महिन्यात खोट सापडली. 'दाब' आणि 'थांब' हे दोन सिग्नल नेमके एकाच क्षणी आले तर लायब्ररी दुसरा गिळून टाकायची. 'थांब' गिळला की प्रेस खाली. मास्तरने खोट काढली आणि तीन आठवड्यांपूर्वी सगळ्यांना सांगितलं, "नवी फाइल सगळ्या मशीनवर घातली आहे." एवढं पुरतं. चूल दुरुस्त झाली की तिच्यावर जेवणाऱ्यांना वेगळं काही करावं लागत नाही.

मग चार नंबरवरचा 'थांब' कोणी गिळला? चार नंबर विसरला हा भामटा, दुसरं काय!

वर गेलो तर मास्तर उभाच होता. "अरे, दादा कसा आहे?" म्हणाला. त्या प्रश्नानेच माझं डोकं फिरलं. पहिला ठोसा नाकावर. हाड मोडल्याचं माझ्या मुठीला कळलं. मग केस धरून तोंड टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कीबोर्डवर. बटणं उडाली आणि त्यांच्यात एक दातही होता. तो नको नको म्हणत हात आडवा घालत होता. तोच हात मी धरला आणि मधली दोन बोटं मागे वाकवली. काडकन आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"चार नंबर विसरलास ना? घाल फाइल! आत्ता, माझ्यासमोर घाल!"

मास्तर माझ्या खुर्चीत बसला. डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, त्याने माझ्या कीबोर्डवर हुकूम टाइप केला. रक्त हनुवटीवरून शर्टावर गळत होतं. तेवढ्यात स्पीकरवर खालून सुपरवायझर बोलला, "चार नंबरचं दुरुस्त झालं का रे? मोठे साहेब डोकं खातायत."

"झालं. करा चालू चार नंबर." हे मी म्हणालो. मीच.

मास्तरने मान वळवली. "तारीख बघ," तो म्हणाला. दात पडल्याने शब्द फुसफुसत होते. "तीन आठवड्यांपूर्वीचीच फाइल होती तिथे. मी तिच्यावर तीच पुन्हा घातली."

"मग माझ्या भावाचा हात भुताने खाल्ला?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तुझ्या प्रोग्रामलाच विचारू." त्याने पुढचा हुकूम दिला. कुठल्या प्रोग्रामला कुठली लायब्ररी लागते, ते सांगणारा. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर: प्रत्येकापुढे मास्तरच्या फाइलचं नाव आलं. चार नंबरपुढे काहीच नाही. हा प्रोग्राम बाहेरचं काही मागतच नव्हता.

"स्टॅटिक," मास्तर म्हणाला. "जुनी लायब्ररी पोटात घेऊन बसलाय. मी बाहेर कितीही चूल सारवली तरी ह्याला कळणार कसं?"

चार नंबरचा प्रोग्राम ज्या फाइलवरून बांधला जातो ती मी उघडली. काय दिसणार ते मला उघडण्याआधीच आठवलं होतं. दोन वर्षांपूर्वी मास्तरने लायब्ररी बदलली आणि मोठ्या साहेबांसमोर माझा प्रोग्राम चार नंबरवर आडवा झाला. सगळे खो खो हसले. मी तणतणत वर आलो. गेला खड्ड्यात मास्तर आणि गेली त्याची चूल! लायब्ररी जोडायच्या ओळीत मी एकच शब्द वाढवला, स्टॅटिक. ही जोडाजोडी करणाऱ्या लिंकरने निमूटपणे लायब्ररीतलं लागेल तेवढं उचललं आणि माझ्या प्रोग्रामात कायमचं चिकटवलं. मी वेगळी चूल मांडली आणि कोणाला सांगितलंही नाही. खोट सापडली तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

त्या शब्दाच्या वर, माझ्याच हातची टीप होती: या चुलीला कोणी हात लावायचा नाही.

खालून चार नंबरचा पहिला ठोका ऐकू आला.

मी धावलो. आक्का पत्रा सरकवत होती, कोपरापर्यंत आत, पाय पेडलवर. लाल बटणाची तार थेट मोटरला जाते, माझ्या प्रोग्रामला विचारत नाही, म्हणून त्याच्यावर अख्खा पडलो. मशीन गचका खाऊन थांबली. वरचा जबडा आक्काच्या हातापासून वीतभर होता.

तिने हात काढला, बोटं मोजल्यासारखी बघितली आणि मग माझ्या रक्ताळलेल्या मुठीकडे बघितलं. "सापडला का रे तो? मोडलास हात?"

"मोडला," मी म्हणालो. "पण दुसऱ्याचाच." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशी देणाराच चोर होता.

दुपारी दवाखान्यात गेलो. दादा शुद्धीवर होता आणि वहिनी चमच्याने पाणी पाजत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: तो शब्द, ती टीप, मास्तरची बोटं, आक्का. काही गाळलं नाही. वहिनीच्या हातातला चमचा खाली पडला.

"दोन वर्षं कोणाला बोलला नाहीस?" दादाने विचारलं.

"नाही."

"इकडे ये."

मी वाकलो. त्याने सवयीने उजवा हात उगारला, पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा, आणि माझ्या गालावर हाणला. ओरडला तो. सकाळी ओरडला होता तसाच. माझा गाल ओला झाला आणि पट्ट्यांवर लाल डाग पसरायला लागला. वहिनी "अहो! अहो!" करत त्याचा खांदा दाबत होती.

"दादा, डाव्याने मार रे," मी रडत म्हणालो. "तुझ्या पाया पडतो, डाव्याने मार."

"डाव्याचा लागत नाही," तो म्हणाला, आणि उजवा पुन्हा उचलला.