सरांचा समंजस तोडगा

सयाजी सरांचं व्याख्यान ऐकून माणसं मान खाली घालून घरी जात. विषयच तसा होता. साधीसुधी माणसं आपल्याच शेजाऱ्यांच्या मुळावर कशी उठतात, आणि त्यांना अडवायचं कुठं? राज्यशास्त्राच्या या प्राध्यापकानं सगळी नोकरी याच प्रश्नावर घालवली होती. "संहाराची सुरुवात तलवारीनं होत नाही," असं म्हणून ते चष्मा काढत. "एका माणसाला जरा सरकून बसायला सांगतात, तिथं होते. अडवायचं तर तिथंच. पुढं हातात काही राहत नाही." मग टाळ्या, शाल, नारळ. घरात शाली इतक्या झाल्या होत्या की त्यांच्या पत्नीनं, संयोगितानं, त्यातल्या दोन इस्त्रीच्या टेबलावर अंथरल्या होत्या.

सर राहायचे कसबा बावड्यात, आणि गल्लीतल्या तालमीचे ते सल्लागार होते. या तालमीत मारुतीच्या शेजारी मोहरमला पिराचा पंजा बसायचा. कधीपासून ते कुणालाच सांगता यायचं नाही, आणि विचारावंसंही कुणाला वाटलं नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात सरांनी स्वतः तो पंजा गल्लीभर मिरवला होता. पंजा घासूनपुसून लखलखीत करायचा, त्याला कापड नेसवायचं आणि जागेवर बसवायचा, हा मान गैबी शिकलगारांचा. तालमीच्याच गाळ्यात त्यांचं धार लावायचं दुकान होतं. ऊसतोडीचे कोयते असोत की गल्लीतल्या विळ्या, सगळ्यांना धार त्यांचीच.

यंदा शेजारच्या एका गावात मोबाइलवरच्या चित्रावरून मारामारी झाली आणि त्याची झळ इथवर आली. मोहरमच्या आधी तालमीत बैठक बसली. अध्यक्ष होता विश्वजित, सरांचाच जुना विद्यार्थी.

"भाईरनं पोरं येणार हायत म्हणं," तो म्हणाला. "पंजा बसला तर राडा हुतोय. आमचं कायबी म्हणणं न्हाय, पर डोस्की कुणाची फुटायची? सर, तुमी बोला की. तुमचा अभ्यास हाय यातला."

सगळे सरांकडं बघायला लागले. दाराजवळ गैबीभाई बसले होते, तेही बघत होते. आता खरं सांगायचं तर त्या घडीला सरांना सगळं समजलेलं होतं. ज्या जागेवर माणसानं पाय रोवायचा असतो असं ते जन्मभर सांगत आले, ती जागा हीच. पण समोरची पोरं चिडलेली, काहींचे चेहरे तर नवेच. आणि सरांना नेमकं तेव्हाच सुचलं. भित्र्या माणसाला जे सुचायचं ते असं वेळेवर सुचतं, आणि शिकलेला असला तर छान शब्दांत सुचतं.

"हिंसा टाळणं हे पहिलं कर्तव्य," सर म्हणाले. "यंदापुरता पंजा गैबीभाईंच्या घरी बसू दे. मान त्यांचाच राहील, आणि शांतताही राहील."

बैठकीनं हुश्श केलं. कुणीतरी टाळीही वाजवली. गैबीभाईंनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सर म्हणत्यात म्हंजे इचार करूनच म्हणत असतील."

मोहरम पार पडला. दगड पडला नाही, डोकं फुटलं नाही. सरांनी घरी येऊन सांगितलं, "बघ, निभावलं."

संयोगिता भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "जागा रिकामी बघून वाईट न्हाय वाटलं तुमाला?"

वाटलं होतं. त्या रिकाम्या कोपऱ्यात पोरांनी ध्वनिक्षेपकाचे खोके रचले होते, आणि ते बघून सर तालमीकडं फिरकेनासे झाले होते. बाजारात जाताना ते मागच्या बोळातून जायचे.

पंधरवडा झाला नसेल, तोच विश्वजित पेढे घेऊन घरी आला. खुर्चीवर अवघडून बसत म्हणाला, "सर, गाळ्याचं एक काम हुतं. पोरं म्हणत्यात, त्यो बी मोकळा करून घ्यावा. पर आमी सांगायला गेलो की शब्दानं शब्द वाढतोय. तुमी सांगा. तुमच्यासारखं गोडीत कुणालाच जमत न्हाय. गेल्या टायमाला कसं बिनतक्रार झालं!"

सरांना शरमेनं कान तापल्यासारखं झालं. आपण गल्लीसाठी काय होऊन बसलो आहोत हे त्यांना त्या पेढ्यांच्या पुड्याकडं बघून कळलं. हाकलायचं ते पोरांनी, आणि गोड बोलायचं ते सरांनी. त्यांनी पुडा परत केला आणि चपला घालून थेट गाळ्याकडं निघाले. गैबीभाई, तुम्ही हलायचं नाही, मी उभा आहे तुमच्याबरोबर. वाटभर ते हेच घोकत होते.

गाळ्यात धारेचं चाक थांबलेलं होतं. गैबीभाई पान्यानं त्याचे नट सोडवत होते. सरांना बघताच त्यांनी लगबगीनं खुर्ची पुसून दिली.

"बसा, सर. पोरं म्हणालती, तुमी येऊन सांगणार हायसा. म्हटलं, तुमास्नी कशाला अवघडात पाडायचं? म्हणून आधीच काढाय घेतलं."

"मी ते सांगायला नाही आलो," सर घाईनं म्हणाले. "तुम्ही जाऊ नका. हे चूक आहे. तेव्हाही चूकच होतं. माझी चूक होती."

गैबीभाईंचा हात थांबला. चेहरा असा खुलला की सरांना तो बघवेना.

"खरं म्हणतासा? मग चला की सर, आत्ता समदी तालमीतच हायत. चार माणसांत तुमी एवढंच बोला. मी मागं हुबा ऱ्हातो."

सरांनी बाहेर पाहिलं. तालमीच्या पायरीवर विश्वजित आला होता, आणि त्याच्या मागं ते नवे चेहरे. आणि मग त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला, शांत, समंजस, व्याख्यानातला.

"लगेच नको, गैबीभाई. वातावरण जरा निवू दे. मग मी बोलतोच."

गैबीभाई रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, उरलेला नट सोडवला, चाकाच्या जड लोखंडी सांगाड्याखाली एका बाजूनं हात घातला आणि अडून राहिले.

"एकट्याला उचलत न्हाय," ते म्हणाले. "जरा तिकडनं धरता का, सर?"

सरांनी बाह्या सावरल्या, वाकले आणि दुसऱ्या बाजूनं धरलं.