उत्तराआधीची हिरवी खूण

“नव्या पानावर हिरवी खूण लगेच दाखवायची. सर्व्हरचं उत्तर येईल तेव्हा येईल,” साहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणाले. “लोकांना थांबायला आवडत नाही, दादा. तीन सेकंदांत पळून जातात.”

साहेब त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांच्या तोंडून ‘दादा’ आलं की काहीतरी गळ्यात पडणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

“आणि उत्तर नकाराचं आलं तर?” त्याने विचारलं.

“हजारात दोघांचं होतं तसं. दोघांसाठी हजार जणांना ताटकळत ठेवायचं?”

त्याला शिसारी आली. साहेबांची आली असती तर बरं झालं असतं. पण हे वाक्य त्याचंच होतं. तीन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच तोऱ्यात तो ते बोलला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

इस्पितळातल्या तपासण्यांची वेळ घेण्याचं वेब-पान त्याने लिहिलं होतं. माणूस बटण दाबतो, पान सर्व्हरकडे विनंती पाठवतं आणि उत्तरासाठी गोठून न बसता आपलं काम करत राहतं. उत्तर मागाहून येतं. यात गैर काही नाही. पत्र टाकून कोणी पेटीपाशी उभं राहत नाही. पण त्याने पत्र पेटीत पडताच हिरवी खूण दाखवून ‘पोचलं’ असं सांगून टाकलं. नकार आला तर काय करायचं, ते लिहायला प्रोग्रॅममध्ये एक कंस होता. तो त्याने कोरा ठेवला. नंतर भरू म्हणाला. नंतर कोण भरतं?

गेल्या वर्षी बायकोने त्याच पानावरून स्कॅनची वेळ घेतली. “अहो, भारी आहे हां तुमचं पान. चुटकीसरशी झालं!” तो दिवसभर फुशारून होता.

ठरल्या दिवशी खिडकीवरची बाई म्हणाली, “नाव नाहीये तुमचं.”

“अहो, पण हिरवी खूण आली होती.”

“सगळे असंच म्हणतात, ताई. नीट दाबलं नसेल बटण.”

पुढची वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळाली. बायको त्याच्याकडे वळून ओशाळं हसली. “माझंच काहीतरी चुकलं असेल. मला कुठे कळतं त्यातलं?”

त्याला कळत होतं. तिथल्या तिथे लख्ख कळलं होतं. “चल, होतं असं कधीकधी,” एवढंच तो म्हणाला.

पाच आठवड्यांत दुखणं हाताबाहेर गेलं. आधी कळून तरी फरक पडला असता का, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरंही असेल. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, “बटण मीच चुकीचं दाबलं हो,” आणि तो उशाशी बसून सफरचंद सोलत ते ऐकून घ्यायचा. त्या सफरचंद सोलणाऱ्या माणसाची त्याला अजून किळस येई.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याने सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी उघडल्या. तिची विनंती पोचली होती. अकरा सेकंदांनी नकारही परत आला होता. त्या कोऱ्या कंसात पडून तो मेला होता.

“दादा, ऐकताय ना?”

“त्या दोघांतली एक माझी बायको होती,” तो म्हणाला.

टेबलावरची बोटं थांबली. “अरेरे. हे माहीत नव्हतं.” साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. “पण भावना बाजूला ठेवू. खूण लगेच.”

“मग दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. माझ्या हातून व्हायचं नाही.”

“उद्या सकाळी नवं पान सुरू करायचंय! आता कोणाला धरून आणू?”

“मग मी लिहीन तसं होईल.”

“तक्रारी आल्या तर तुम्हीच निस्तरायच्या.”

“निस्तरीन.”

दुपारी त्याने तो कंस भरला. चाचणी घेणाऱ्या बाईंनी मुद्दाम सर्व्हर बंद करून बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, मग लाल अक्षरं आली : नोंद झाली नाही. चूक आमची आहे, तुमची नाही. पुन्हा बटण दाबा किंवा फोन करा.

“‘चूक आमची’ कशाला, दादा? वकील बोंबलतील,” बाई म्हणाल्या.

“बोंबलू दे.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पान सुरू झालं. पडद्यावर विनंत्यांच्या ओळी खालून वर सरकू लागल्या. पहिल्या पन्नासेक सुरळीत गेल्या. मग एक अडकली. नऊ सेकंदांनी नकार.

“बघा,” मागे उभे असलेले साहेब म्हणाले. “गेलं गिऱ्हाईक.”

अर्धं मिनिट गेलं. पाऊण गेलं. मग त्याच माणसाची विनंती पुन्हा आली. दोन सेकंदांनी सर्व्हरने होकार दिला.

साहेब घसा खाकरून आपल्या खोलीत गेले.

ते कोण होतं, कुठल्या दुखण्याचं होतं, ते त्या ओळीत लिहिलेलं नसतं. मागून येणाऱ्या ओळी तिला वर ढकलत होत्या. ती पडद्याबाहेर जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.