चिमणाबाईचा ठिपक्यांचा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. उचगावात चिमणाबाईच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या अंगभर भोकं आहेत, पण ती उंदरांनी पाडलेली नाहीत. तरी उंदरांवर माझा भरवसा नाहीच. खरं सांगू का मित्रांनो, माझा कुणावरच चटकन भरवसा बसत नाही.

जन्माने मी साडीच्या खोक्याचा तळ. ब्याण्णव सालच्या संक्रांतीआधी चिमणाबाई आणि शेजारची नीलम्मा मला मधे ठेवून बसल्या. चिमणाबाईने पट्टी लावून खुणा केल्या आणि नीलम्माने पेटत्या उदबत्तीने एकेक खूण जाळली. सुरुवातच अशी चटक्यांनी झाल्यावर स्वभाव संशयी होणार नाही तर काय?

काम मात्र मला आवडलं. सडा टाकलेल्या अंगणात मला ठेवायचं, वरून रांगोळी भुरभुरायची, तळहात फिरवायचा आणि अलगद उचलायचं. खाली ठिपक्यांच्या सरळ ओळी! मग दोघी रेघा ओढायला बसत. चिमणाबाई ठिपक्याला ठिपका जोडायची. नीलम्माचं माहेर कर्नाटकातलं. तिची रेघ ठिपक्याला न शिवता त्याच्याभोवती वळणं घेत जायची. गल्लीतल्या बायका थांबून बघत. कौतुक रेघांचं व्हायचं, माझं कुणी नावही काढत नसे.

पुढे नीलम्माचा नवरा विरूपाक्ष वारला. त्यानंतरच्या संक्रांतीला तिच्या दारात रांगोळी नव्हती. चिमणाबाईनेही तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. भांडण काहीच नव्हतं. रीत आहे, एवढंच सगळे म्हणत. हळूहळू दोघींचं बोलणंही बंद झालं. मला फार वाईट वाटायचं, पण पुठ्ठ्याला कोण विचारतो?

दोन हजार तीन साली घरात सून आली, गारगोटीची संयोगिता. तिला रांगोळी येत नव्हती.

"औंदा भोगीची रांगोळी तूच काढायची," चिमणाबाईने बजावलं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर भलतेच प्रकार सुरू झाले. दुपारी सासूचा डोळा लागला की संयोगिता मला पदराखाली घेऊन मागच्या दाराने सटकायची. जायची कुठे, तर नीलम्माच्या घरामागच्या परड्यात! तिथे गोठ्याआड दोघी रांगोळी काढायच्या आणि उठताना सगळी पुसून टाकायच्या. चांगलं काम कुणी पुसतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं गप्प बसलेली बाई आता सुनेला जवळ का करते? सासू-सुनेत लावून द्यायचा बेत असेल. मी दोघींवर डोळा ठेवून होतो.

भोगी उजाडली. संयोगिताने दारात ठिपके घातले, रेघा ओढल्या. चिमणाबाई बघायला आली आणि जागच्या जागी थांबली. रेघा ठिपक्यांभोवती वळल्या होत्या.

"ही रेघ तुझी न्हाय."

"माझीच हाय की, आत्ती."

"खोटं बोलू नगंस. नीलम्माकडं गेलतीस व्हय?"

संयोगिताने मान खाली घातली. "त्यांनीच शिकवलं. त्या परड्यात काढत्यात आन् पुसून टाकत्यात. दारात काढायला भ्यात्यात, आत्ती."

चिमणाबाईने रांगोळीचा डबा घेतला, मला काखेत मारलं आणि तरातरा निघाली. आता ही मला नीलम्माच्या बंबात घालणार, अशी माझी खात्रीच झाली.

नीलम्मा दारात आली. आम्हाला बघून घाबरली.

"आक्का, पोरीला काय बोलू नगंस. चूक माझी हाय."

चिमणाबाईने मला तिच्या रिकाम्या अंगणात ठेवलं. वरून रांगोळी भुरभुरली, तळहात फिरवला, उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. अंगणभर ठिपके उमटले.

"ठिपकं मी घातल्यात. रेघा तू वड."

"लोक काय म्हणतील, आक्का?"

"मी हाय की हितं."

नीलम्मा खाली बसली. पहिली रेघ तुटली. ती पुसून तिने दुसरी ओढली. चिमणाबाई तिच्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी होती. कुणी पावलं हळू केली की ती त्याच्यावर डोळे रोखायची. मला तिने भिंतीला टेकवलं होतं. मीही तेच करत होतो. माझ्या संशयी नजरेचा त्या सकाळी पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला असेल.

मित्रांनो, आता माझ्या कडा कुजल्या आहेत आणि भोकं मोठी झाली आहेत. तुमच्या घरी असा पुठ्ठा असेल तर त्याला पाणी लागू देऊ नका, वापरून झाला की झटकून ठेवा. आणि संक्रांतीला गल्लीतून जाताना एखादं अंगण रिकामं दिसलं, तर का ते विचारा. रीत आहे, असं कुणी सांगितलं, तर माझ्यासारखे व्हा. लगेच विश्वास ठेवू नका.