बसच्या आवाजाखाली

मित्रांनो, माझा जीव हरभऱ्याएवढा आणि काळजी मात्र पोतंभर. मी एक जुना कॉलर माइक आहे. बोलणाऱ्याच्या कॉलरला चिमट्यानं अडकवतात, तोच मी. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली ती नांदेडच्या एका दुकानात, आणि तिथून मुखेडच्या व्यंकटीनं मला आपल्या घरी नेलं. व्यंकटी लग्नाचं शूटिंग करतो.

आठ वर्षं मी नवरदेवांच्या शेरवानीवर काढली. नवरदेव वरून कितीही ऐटीत असो, आतली धडधड मला ऐकू येते. बौद्ध लग्नातलं त्रिशरण मी टिपलं, लिंगायतांच्या लग्नातले जंगमस्वामींचे मंत्र टिपले. ‘व्यंकटीचा आवाज लई साफ असतो’ असं तालुक्यात नाव झालं. मेहनत माझी, नाव त्याचं. पण आमच्या जातीत तक्रार करायची पद्धत नाही.

व्यंकटीचा एक नियम होता. लग्नात कॅमेरा आणि रेकॉर्डर एकदा सुरू केले की पंगती उठेपर्यंत बंद करायचे नाहीत. अक्षता कधी पडतील, नवरीची आई कधी रडू लागेल, काही सांगता येत नाही, आणि लग्नात ‘पुन्हा एकदा करा’ म्हणता येत नाही. याच नियमानं पुढे आम्हाला खड्ड्यात घातलं.

लातूरला धम्मानंद सर म्हणून एक आहेत. क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात आणि सिनेमाचं वेड डोक्यात घेऊन हिंडतात. त्यांनी मित्र गोळा करून ‘दुपारची गाडी’ नावाचा सिनेमा काढला. त्यात एक मुलगी लग्नाच्या आठ दिवस आधी तिच्या जुन्या प्रियकराला एसटी स्टँडवर भेटायला जाते, एवढीच गोष्ट. आवाजाला आणि कॅमेऱ्याला व्यंकटी, म्हणजे मी आलोच. नायिका झाली दामिनी, मुखेडच्या शाळेतली शिक्षिका.

शूटिंग निम्म्यावर आलं आणि खुद्द दामिनीचंच लग्न ठरलं. मुलगा लातूरचा, संगमेश्वर, घरची डाळमिल. त्यानं तिला सिनेमा पुरा करायला आनंदानं हो म्हटलं. मला मात्र तेव्हापासून चैन नव्हती, कारण तिच्या छातीची धडधड बदलली होती.

शेवटच्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर बाकाचा प्रसंग होता. दामिनी आणि तिच्या मावशीचं काम करणाऱ्या तारामतीबाई बाकावर बसल्या होत्या. सर ‘कट’ म्हणाले आणि पाणी प्यायला गेले. व्यंकटीही गेला. सवयीप्रमाणे त्यानं काहीच बंद केलं नव्हतं. कॅमेरा दामिनीच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि मी तिच्या ओढणीत कान टवकारून बसलो होतो.

दामिनी हळूच म्हणाली, “मावशी, हे नाटक न्हाई माझ्यासाठी. कॉलेजात एकजण होता. तीन वर्षं. आता मेसेज करून राहिलाय, लग्नाआधी एकदा भेट म्हणून.”

“जाणार हायस?”

“न्हाई. मला त्याला भेटायचंच न्हाई. मला फक्त संगमेश्वरला सांगायचंय, अन् तेच व्हईना. सांगितलं तर मोडंल. न्हाई सांगितलं तर जन्मभर भीत राहीन, कधी कोण सांगंल म्हणून.”

तारामतीबाईंनी तिचा हात धरला. तेवढ्यात सर परतले. मी तो सगळा मजकूर शब्दन् शब्द टिपला होता. मित्रांनो, कान झाकायला मला हात नाहीत.

पंधरा दिवसांनी लातुरात सरांच्या खोलीवर सिनेमाच्या तुकड्यांची जुळवाजुळव सुरू झाली. लिहिलेला प्रसंग फसला होता, कारण तारामतीबाई वाक्य विसरल्या होत्या. पुढची फीत फिरली आणि दामिनीचं खरं बोलणं लागलं. सर खुर्चीतून उठले. म्हणाले, “व्यंकटी, हेच पाहिजे होतं. हेच घालू. नावं तेवढी काढू.”

व्यंकटी मान डोलावून ‘हाव’ म्हणाला, पण त्याचा आवाज सुकलेला होता. पहिला खेळ त्याच रविवारी क्लासच्या हॉलमध्ये होता आणि संगमेश्वर बघायला येणार होता. नाव काढलं म्हणून आवाज थोडाच बदलतो? टेबलावर पडल्या पडल्या मला घाम फुटायचा बाकी होता. सरांची पाठ वळल्यावर व्यंकटीनं दामिनीला फोन लावला. “ताई, चूक माझ्या हातानं झालीया. या एकदा.”

ती दुसऱ्याच दिवशी आली. हेडफोन लावून तिनं सगळं ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

सर म्हणाले, “इतकं खरं पुन्हा जमत न्हाई, दामिनी. हे काढलं तर सिनेमाचा जीवच जातो.”

“चेहरा माझा हाय सर, तो ठेवा. पण हे शब्द संगमेश्वरसाठी हायत. त्यांच्या आधी हॉलमधल्या दोनशे माणसांना कसे ऐकवता?”

“बरं,” म्हणत सर पुन्हा संगणकाकडे वळले. मग त्यांनी तिच्या शब्दांवर स्टँडवरच्या एसटीचा आवाज चढवला आणि देवणीला सुटणाऱ्या गाडीची सूचना चढवली. माझं आयुष्यातलं सर्वांत चोख काम बसखाली चिरडलं गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री पहिल्यांदा मी निवांत होतो.

रविवारी हॉल भरला. बाकाचा प्रसंग आला. पडद्यावर दामिनीचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होती फक्त बस. मागून पोरं ओरडू लागली, “आवाज, आवाज.” कुणीतरी म्हणालं, माइक खराब दिसतोय. मी व्यंकटीच्या खिशात होतो. आम्ही दोघांनी ते गिळलं.

खेळ संपला. माणसं पांगली. व्यंकटी वायरी गुंडाळत होता तिथंच संगमेश्वर दामिनीजवळ आला. “बाकी सगळं नीट ऐकू आलं. त्या बाकावर काय बोलत होतीस?”

व्यंकटी पटकन मध्ये पडला. “माइकचा दोष हाय साहेब. जुना झालाय.”

मित्रांनो, मला वाटलं, घे दामिनी, हे घे आणि सुट. माझी बदनामी झाली तर होऊ दे. तिनं व्यंकटीकडे पाहिलं, मग संगमेश्वरकडे.

“माइकचा दोष न्हाई,” ती म्हणाली. “खाली चला, चहा घेऊ. सांगते.”

ती दोघं जिना उतरून गेली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सर हॉलमध्ये येरझारा घालत होते. व्यंकटीनं एकच वायर तीनदा गुंडाळली. तिकडे काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या जन्मात पहिल्यांदाच मला ऐकायचंही नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. संगमेश्वरच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो सरांना म्हणाला, “सर, बाकाची तेवढी जागा पुन्हा लावता का?”

सरांनी लावली. रिकाम्या हॉलमध्ये दोघं शेजारी बसली. पडद्यावर ओठ हलले, बस घरघरली, देवणी गाडीची सूचना झाली. एक शब्द ऐकू येत नव्हता, तरी संगमेश्वर तिच्या एकेका वाक्याला मान हलवत होता. प्रसंग संपल्यावर तो म्हणाला, “एवढ्यासाठी तू इतके दिवस भीत होतीस?” दामिनी रडली. त्यानं तिला पाण्याची बाटली दिली आणि व्यंकटीकडे वळून म्हणाला, “व्यंकटीभाऊ, बिचाऱ्या माइकला कामून बदनाम केलं?”

मित्रांनो, आता माझी वायर सैल झाली आहे, नवा माइक आला आहे, आणि मी ड्रॉवरमध्ये असतो. तुमच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये माझा एकेक भाऊ बसलेला आहे. त्याला सुरू करण्याआधी समोरच्याला विचारा. काही ऐकू आलंच, तर ते शब्द कुणासाठी होते ते बघा आणि आधी त्याच्यापर्यंत जाऊ द्या. आम्हाला कान आहेत, पण बटण तुमच्या हातात आहे.