मावशीने लपवलेली ओल

दोरिंदा मावशीच्या घराची पश्चिमेकडची जुनी भिंत पार वाकली होती. ती उतरवून मी नव्याने बांधली. वडील सोबत नसताना बांधलेली माझी ही पहिलीच भिंत. ग्रॅनाइटचा दगड, दगडांमधले सांधे चुन्याने भरलेले. आमच्या गॅलिसियाच्या किनाऱ्यावर पाऊस समुद्रावरून आडवाच मारतो, म्हणून एकेक सांधा पुन्हा पुन्हा तपासला होता.

हिवाळ्यात मावशीकडे जेवायला गेले, तर तिचं अवजड कपाट नेमकं त्या भिंतीला टेकवलेलं.

"हे इथे कधी आणलंस?"

"असंच. जरा जागा बदलून पाहिली," ती सूप ढवळत म्हणाली. माझ्याकडे बघेचना.

मी कपाटामागे हात घातला. भिंत गार आणि ओलीचिंब.

"मावशी!"

"अगं उशिया, थोडीशीच आहे. तुला कळलं असतं तर दोन घास गेले असते का तुझ्या पोटात? आणि तो शेजारचा रामिरो आधीच विचारत असतो, पोरीने भिंत बांधलीय की धरण!"

भिंत पुन्हा उतरवायची, तीही भर पावसाळी थंडीत? आणि पुढे मला काम तरी कोण देणार?

आम्ही दोघींनी कपाट ओढून काढलं. ओल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत होती, त्याच्या वर भिंत ठणठणीत कोरडी. मी बघतच राहिले. सांध्यांतून पाऊस शिरला असता तर डाग वरही पडले असते. तशीच बाहेर धावले.

बाहेर भिंतीला लागून गुडघाभर उंच मातीचा वाफा होता. त्यात हायड्रेंजियाची झुडपं.

"हे कुणी केलं?"

"मीच. तुझी भिंत नुसती उघडी उघडी वाटत होती," दारातून मावशी म्हणाली. "छान खत घातलंय."

पायाच्या वर मी ओल अडवणारा थर घातला होता. वाफ्याची माती त्याच्याही वर चढली होती, आणि ओली माती भिंतीला पाणी पाजत बसली होती. भिंतीत खोट नव्हती! मी भर पावसात फावडं घेतलं आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते कळलंच नाही.

"हसतेस काय? माझी झाडं मोडतील!"

"झाडं कुंपणापाशी लावू. आधी तुझी खोली वाचवू दे."

माती काढून तिथे खडी भरली. कपाट लांब ठेवलं, ऊन पडेल तेव्हा खिडक्या उघड्या टाकल्या. भिंत घाई करत नव्हती. आधी क्षारांची पांढरी पूड बाहेर आली, ती ब्रशने झाडली. मग हळूहळू डाग वरून खाली फिका पडत गेला. उन्हाळा लागला तेव्हा मी गाल टेकवून पाहिला. कोरडी!

आता मावशीने पलंगच त्या भिंतीशी लावलाय. घरी येईल त्याचा हात धरून भिंतीवर ठेवते आणि म्हणते, "बघा, आमच्या उशियाने बांधलीय."