मी, गाळा क्रमांकाचा रकाना

मी एक रकाना आहे. पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या कॉम्प्युटरमध्ये, ऑर्डरच्या फॉर्मवर राहतो. नाव 'गाळा क्रमांक'. डोक्यावर लाल चांदणी, म्हणजे मला भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. त्या चांदणीचा मला केवढा तोरा होता, काय सांगू.

माझा जन्म झाला तेव्हा इथला माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जायचा. गाळ्याला नंबर असायचाच. मग घरपोच ऑर्डरी सुरू झाल्या. आता घराला कुठला आलाय गाळा? फॉर्म अडायला लागला, तशी ऑर्डर भरणाऱ्या मंदाताईंनी शक्कल लढवली. माझ्यात यायचं, स्पेसबार एकदा दाबायचा आणि पुढे जायचं. फॉर्मला वाटायचं, भरलं. मीही गप्प बसायचो. दोन वर्षं असंच निभावलं.

एका सोमवारी पत्त्याची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम नवा आला. तो असल्या मोकळ्या जागा झाडून टाकायचा. सकाळीच त्याने एक ऑर्डर अडवली. 'रकाना रिकामा आहे.' ऑर्डर होती खारबावच्या जानकीबाईंसाठी ऑक्सिजनच्या मशीनची. अकराला त्यांच्या मुलाचा, पंढरीचा फोन आला.

"मॅडम, आयचा सिलेंडर दुपारपर्यंतच पुरंल. मशीन निगालं का न्हाय?"

फोन घेतला धम्मदिनाने. ही सगळी यंत्रणा तीच सांभाळते. तिने फॉर्म उघडला. फॉर्म म्हणे भरलाय, प्रोग्राम म्हणे रिकामा.

"एक टाक ना, जाऊ दे पुढे," मंदाताई म्हणाल्या.

"ताई, एक नंबरचा गाळा आपल्याच आवारात आहे. चिठ्ठीवर तो छापला तर मशीन तिथेच उतरवतील."

मग तिने कर्सर माझ्यात ठेवला. तो डाव्या कडेला चिकटायला हवा होता, पण केसभर पुढे उभा राहिला. धम्मदिना थबकली. तिने बॅकस्पेस दाबला आणि कर्सर एक पाऊल मागे आला. माझ्या पोटातली, कुणालाच न दिसणारी गोष्ट या बाईने नुसत्या नजरेने धरली. मी आजही त्या नजरेपुढे थक्क आहे.

मंदाताई ओशाळल्या. "माझंच काम गं ते. वाटलं, चालतंय तर चालू दे."

धम्मदिना रागावली नाही. तिने नियमच बदलला. माल गोदामात जायचा असेल तरच मला भरायचं, घरी जायचा असेल तर जवळची खूण लिहायची. पंढरीने सांगितलं, "विहिरीच्या बाजूला. कोनालाबी जानकीबाई इचारा." तेच चिठ्ठीवर छापलं आणि टेम्पो सुटला.

दीडच्या सुमारास पुन्हा फोन वाजला. या वेळी स्वतः जानकीबाई होत्या.

"पोरी, मशीन लागलं बघ, आता बोलताना मधीच थांबाया लागत न्हाय."

एवढं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं. धम्मदिनाने फोन ठेवला आणि पुढची ऑर्डर उघडली.

तेव्हापासून माझं एकच मागणं आहे. लिहायला काही नसेल तर मला उघडपणे रिकामं सोडा. मी रिकामा दिसलो, तरच कुणीतरी विचारेल, हे घर कुणाचं आणि तिथे कोण वाट बघतंय.